वसंतातली परसबाग: लावणीचा दिवस मातीला विचारून ठरवा

पहिल्या वर्षी मी टोमॅटोची आठ रोपं एका लख्ख दुपारी लावली. ऊन इतकं छान होतं की अंगातलं स्वेटर काढून कुंपणावर टाकलं. त्यानंतर तीन आठवडे ती रोपं जागची हलली नाहीत. पानांच्या खालच्या बाजूला जांभळट झाक आली, खोडं सुतळीएवढीच राहिली. कीड नव्हती, गारठ्याने पानं करपलीही नव्हती. मी घाबरून खत घातलं, पाणी वाढवलं, काही फरक पडला नाही. घरात खिडकीपाशी चार रोपं उरली होती. ती नुसती जागा अडवत होती म्हणून जवळजवळ वीस दिवसांनी वाफ्याच्या कडेला खोचून दिली. महिन्याभरात त्यांनी आधीच्या आठांना गाठलं आणि पहिलं पिकलेलं फळही त्यांनीच दिलं.

झालं होतं एवढंच, की हवा उबदार होती आणि माती थंड. थंड मातीत टोमॅटोच्या मुळांना स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलता येत नाही, म्हणून ती जांभळी झाक. मातीत स्फुरद होतं, मुळांनाच ते घेता येत नव्हतं. नवीन माणूस कॅलेंडर बघतो, फार तर आकाश बघतो. रोपं मात्र मातीचं आणि रात्रीचं तापमान बघतात. पुढचं जवळपास सगळं या दोन आकड्यांभोवती आहे.

पायरी १: तुमचा वसंत कधी येतो ते शोधा

उत्तर गोलार्धात वसंत म्हणजे ढोबळमानाने मार्च ते मे, दक्षिण गोलार्धात सप्टेंबर ते नोव्हेंबर. त्यामुळे 'एप्रिलमध्ये काय पेरावं' असा सल्ला वाचताना आधी तो कुठल्या गोलार्धातला आहे ते पाहा. एकाच गोलार्धातही समुद्रकाठी आणि डोंगरावर सहा-सात आठवड्यांचं अंतर सहज पडतं. उंची वाढली की दर १,००० मीटरला हवा सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होते. विषुववृत्ताजवळ तर वसंत नावाचा ऋतूच नाही. तिथे पावसाळा आणि कोरडे महिने हेच दोन भाग.

म्हणून महिन्याचं नाव बाजूला ठेवून तीन गोष्टी शोधा. तुमच्याकडे रात्री गोठतं का, आणि गोठत असेल तर शेवटचं कधी? दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर कधी जायला लागतं? आणि पाऊस कोणत्या महिन्यांत असतो? या तीन उत्तरांमधून तुमची लावणीची खिडकी तयार होते. कुठे ती पाच महिन्यांची निघते, कुठे जेमतेम पाच आठवड्यांची.

शेवटच्या फ्रॉस्टची तारीख हवामान खात्याच्या नोंदींत बहुतेक ठिकाणी मिळते. फ्रॉस्ट म्हणजे दव पडायच्या ऐवजी पानांवर, जमिनीवर पांढरा बर्फाळ थर धरणं. ही तारीख वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. ती बहुधा सरासरी असते, म्हणजे साधारण निम्म्या वर्षांत त्या तारखेनंतरही फ्रॉस्ट पडलेला असतो. टोमॅटो, मिरची, काकडी अशा नाजूक पिकांसाठी मी त्या तारखेवर सरळ दोन आठवडे चढवते.

फ्रॉस्ट पडण्याची रात्र ओळखताही येते. आकाश निरभ्र, वारा बंद, हवा कोरडी. ढग असले की ते जमिनीची ऊब गोधडीसारखी धरून ठेवतात. ढग नसले की ती ऊब थेट वर निघून जाते. अशा रात्री हवामानाच्या अंदाजात किमान ३ अंश लिहिलं असलं तरी फसू नका. तो आकडा जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवरचा असतो आणि मातीलगत तेव्हा शून्य झालेलं असू शकतं. शिवाय थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून वाहत येऊन खोलगट भागात, भिंतीच्या किंवा दाट कुंपणाच्या वरच्या अंगाला साचते. एकाच अंगणात वरच्या कडेचा घेवडा तगतो आणि खालच्या कडेचा काळा पडतो, ते याच कारणाने.

जाता जाता झोनबद्दल. रोपांच्या लेबलांवर, बियांच्या कॅटलॉगमध्ये 'झोन ७', 'झोन ९' असे आकडे दिसतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने केलेले हे १३ झोन हिवाळ्यातल्या सर्वात थंड रात्रीच्या सरासरीवर बेतलेले आहेत. एखादं झाड तुमच्या हिवाळ्यात जगेल का, एवढंच ते सांगतात. फळझाडांना, बहुवर्षायू झुडपांना ते उपयोगी. एका हंगामात संपणाऱ्या भाज्या कधी लावायच्या हे त्यातून कळत नाही. एकाच झोनमधल्या दोन जागांचे वसंत महिन्याच्या फरकाने येऊ शकतात.

पायरी २: हवामानाप्रमाणे डाव मांडा

सगळ्या भाज्यांचे ढोबळ दोन गट करा. थंडीच्या भाज्या: वाटाणा, पालक, लेट्यूस, मुळा, गाजर, बीट, कोबी, फ्लॉवर, कांदा, बटाटा. उन्हाच्या भाज्या: टोमॅटो, मिरची, वांगं, भेंडी, घेवडा, चवळी, मका, काकडी आणि सगळे भोपळे-दोडके. पहिल्या गटातल्या बहुतेकांना हलकी थंडी चालते (बटाट्याचा पाला मात्र फ्रॉस्टने जातो), पण उन्हाळा लागला की त्या तुऱ्यावर जातात (फुलांचा दांडा काढतात) किंवा कडवट होतात. दुसऱ्या गटाचं नेमकं उलट. वसंत म्हणजे या दोन गटांची खांदेपालट, आणि ती किती सावकाश होते यावर तुमचा डाव ठरतो.

*लांब हिवाळा, आखूड उन्हाळा.* मोठ्या भूखंडांचा आतला भाग, उत्तरेकडचे प्रदेश, उंच डोंगर. दोन फ्रॉस्टच्या मध्ये ९० ते १२० दिवस मिळाले तरी नशीब. इथे उन्हाच्या भाज्यांची रोपं घरात करण्याला पर्याय नाही. वाण निवडताना 'किती दिवसांत तयार' हा आकडा आधी बघायचा, चव आणि आकार नंतर. त्या आकड्यात एक मेख आहे. टोमॅटो-मिरचीच्या पाकिटावरचे ७० दिवस बहुधा रोप बाहेर लावल्यापासून मोजलेले असतात, तर गाजर-घेवड्याचे बी पेरल्यापासून. हे माहीत नसलं की हिशेब दीड-दोन महिन्यांनी चुकतो. अशा प्रदेशात वसंत झटकन संपतो, कधी कधी गारठ्यातून थेट उकाड्यात. वाटाणा म्हणून माती खणता येण्याजोगी होताच पेरावा, नाहीतर फुलं येईपर्यंत ऊन तापतं आणि शेंगा भरत नाहीत. भरपाई म्हणून उन्हाळ्यातला दिवस खूप मोठा असतो आणि कोबी त्या उजेडात भराभर वाढतो. पालकाला मात्र तोच दिवस मानवत नाही. दिवस १४ तासांच्या आसपास पोहोचला की तो तुऱ्यावर जातो, मग हवा गार असली तरी.

*समुद्राजवळची दमट, गार हवा.* इथे कडाक्याची थंडी नसते, पण ऊबही पुरेशी मिळत नाही. माती ओली राहते आणि ओली माती तापायला वेळ घेते. थंडीच्या भाज्यांसाठी ही जवळजवळ आदर्श जागा आहे. लेट्यूस, वाटाणा, बटाटा, कोबी महिनोन्‌महिने चालतात. टोमॅटो घ्यायचाच तर भिंतीलगत, छपराच्या वळचणीला किंवा पॉलिहाउसमध्ये लावा, कारण पानं सतत ओली राहिली की उशिरा येणारा करपा हा रोग काही दिवसांत सगळं झाड खातो. तोच करपा बटाट्यावरही येतो, म्हणून दोघांना शेजारी लावू नका. कोवळ्या रोपांचा खरा शत्रू गोगलगाय. औषधांच्या नादी लागण्याआधी रात्री नऊ-दहाला टॉर्च घेऊन वाफ्यावर जा. पाच मिनिटांत डबाभर वेचून निघतात.

*ओला हिवाळा, कोरडा उन्हाळा,* म्हणजे भूमध्य समुद्राभोवतीचं हवामान, जे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, मध्य चिलीत आणि नैऋत्य ऑस्ट्रेलियातही सापडतं. इथे वसंतात मातीत ओल असते आणि वर ऊन असतं, नवख्यासाठी याहून सोपा काळ नाही. धोका पुढचा आहे. दोन महिन्यांनी पाऊस पूर्ण थांबतो. ठिबकची नळी लावणीच्या आधीच अंथरून ठेवा, नंतर वेलांच्या गुंत्यात ती घालणं म्हणजे शिक्षा. थंडीच्या भाज्यांचा इथला मुख्य हंगाम शरद आणि हिवाळा. वसंतात त्यांची फार तर एक शेवटची फेरी घ्यावी.

*उष्ण, कोरडा प्रदेश.* इथे वसंत उलट्या बाजूने पळत असतो. टोमॅटोला रात्रीचं तापमान साधारण १३ अंशांच्या खाली आणि २४ अंशांच्या वर असलं की फळधारणा धड होत नाही. दिवस ३५ च्या पुढे गेला की परागकण निकामी होतात आणि फुलं गळतात. म्हणजे फ्रॉस्ट संपल्यापासून प्रखर उन्हाळा लागेपर्यंतच्या काही आठवड्यांत फळं धरली गेली पाहिजेत. म्हणून रोपं मोठी करून, लवकर लावायची आणि छोट्या फळांचे वाण घ्यायचे. चेरी टोमॅटो उष्णतेत मोठ्या टोमॅटोपेक्षा बरा तग धरतो. दुपारनंतर सावली मिळेल अशी जागा बघा, नाहीतर ३० ते ५० टक्के सावलीची शेडनेट ताणा. गादीवाफा इथे करू नका. उंच वाफा लवकर सुकतो. जमिनीच्या पातळीपेक्षा चार बोटं खोल वाफा केला तर पाणी आणि ओल दोन्ही टिकतात, वाऱ्यापासूनही आडोसा होतो. मातीवर पांढरी पापडी दिसली तर ते क्षार आहेत. थोडंथोडं पाणी देत राहिल्याने ते वर साचतात. अधूनमधून भरपूर पाणी देऊन ते मुळांच्या खाली धुऊन काढावे लागतात.

*उष्ण आणि दमट.* इथे तापमान बाजूला ठेवा, पाऊस बघा. पावसाच्या आधीच्या तापलेल्या आठवड्यांत टोमॅटो-कोबीच्या मागे लागणं वाया जातं. त्यांना कोरडा, थोडा थंड हंगाम द्या. या दिवसांत भेंडी, चवळी, माठ, दोडका, कारलं, रताळं लावा, ही मंडळी उकाड्यात खुशीत असतात. मुसळधार पावसात पाणी साचू नये म्हणून गादीवाफा २० ते ३० सेंटिमीटर उंच हवा आणि उघडी माती कुठेच दिसता कामा नये. पावसाचे थेंब मातीतली रोगराई पानांवर उडवतात. इथे एक दुखणं हमखास भेटतं: कालपर्यंत हिरवंगार असलेलं टोमॅटोचं झाड आज दुपारी मान टाकतं. खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरा. थोड्या वेळात कापातून दुधट धागा खाली उतरताना दिसला तर ती जिवाणूजन्य मर आहे. औषध नाही. झाड मुळासकट उपटायचं आणि त्या जागी टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा काही वर्षं लावायचा नाही. या त्रासावर वांग्याच्या खुंटावर कलम केलेली टोमॅटोची रोपं चांगली टिकतात, मिळाली तर जरूर घ्या.

पायरी ३: जागा, आणि ती लहानच

पहिल्या वर्षी एकच वाफा करा. १.२ मीटर रुंद, २.५ मीटर लांब. १.२ मीटर यासाठी, की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. पाय पडलेली माती दबते आणि दबलेल्या मातीत मुळं जात नाहीत. तीन चौरस मीटर फारच कमी वाटतील. दोन महिन्यांनी तण काढताना पुरेसे वाटतील.

फळभाज्यांना दिवसाकाठी सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. पालेभाज्यांचं तीन-चार तासांवर भागतं. जागा ठरवण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी दर दोन तासांनी जाऊन सावली कुठे पडते ते पाहा. झाडांना अजून पालवी फुटली नसेल तर आज ऊन आहे तिथे महिन्याने सावली असेल, हेही लक्षात घ्या. उंच वाढणारी पिकं उत्तर गोलार्धात वाफ्याच्या उत्तर कडेला, दक्षिण गोलार्धात दक्षिण कडेला लावा, म्हणजे ती बाकीच्यांच्या उन्हात येत नाहीत.

जमीन नसेल तर कुंड्या. टोमॅटोला २० लिटर, मिरचीला १० ते १५ लिटर मातीची. उष्ण प्रदेशात काळी कुंडी टाळा, उन्हाच्या बाजूची मुळं भाजतात.

पायरी ४: माती ओळखा, मग हात लावा

एका उभट काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती आणि बाकी पाणी घाला, चमचाभर कपडे धुण्याची पावडर टाका, खडखडून हलवा आणि ठेवून द्या. मिनिटाभरात खाली बसते ती वाळू. दोन-तीन तासांत तिच्यावर पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक गाळ, बसतो. चिकणमाती एक-दोन दिवस पाण्यात तरंगत राहते. थरांची जाडी पाहिली की आपली माती पाणी धरणारी आहे की सोडणारी, हे कोणी सांगायची गरज उरत नाही. दोन्ही टोकांवर इलाज एकच, कंपोस्ट किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत. त्याचा ३ ते ५ सेंटिमीटर थर वरच्या वीतभर मातीत मिसळा. आपल्या तीन चौरस मीटरच्या वाफ्याला ९० ते १५० लिटर लागेल. ताजं शेणखत घालू नका, ते मुळं जाळतं. मातीचा सामू (पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान असला की बहुतेक भाज्या समाधानी असतात.

वसंतात सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ओली माती खणणं. मूठभर माती घेऊन दाबा. गोळा झाला की अंगठ्याने ढोसा. फुटून भुगा झाला तर खणा. नुसताच दबला, वर अंगठ्याचा ठसा उमटला, तर खुरपं ठेवून घरात जा. ओली चिकणमाती खणली की तिची ढेकळं वाळून विटांसारखी होतात आणि ती सुधारण्यात अख्खा हंगाम जातो.

पायरी ५: मातीचं तापमान घ्या

स्वयंपाकघरातला टोकदार थर्मामीटर यासाठी चालतो. सकाळी, ऊन चढायच्या आत, मातीत पाच ते सात सेंटिमीटर खोचा, दोन मिनिटं थांबा, आकडा लिहून ठेवा. असं सलग चार दिवस. दुपारी घेतलेला आकडा आपल्याला जे ऐकायचं असतं तेच सांगतो, म्हणून त्याचा उपयोग नाही.

पालक, लेट्यूस, मुळा, वाटाणा ५ अंशांना उगवायला लागतात. 'लागतात' म्हणजे कसेबसे. ५ अंशांना वाटाण्याला महिन्याहून जास्त लागतो, १० अंशांना दोनेक आठवडे, २० अंशांना आठवडाभर. दरम्यान बी मातीत कुजतं किंवा उंदीर खातात. म्हणून घाई असली तरी ७ ते १० अंशांची वाट बघणं पथ्यावर पडतं. गाजर, बीट, बटाटा याच सुमाराला. मका १२ ते १५ अंशांना. घेवडा आणि काकडी १६ अंशांच्या आत पेरू नयेत. टोमॅटोचं रोप १५ ला लावता येतं, मिरची आणि वांगं १८ ला. भेंडीला २० अंशांची माती द्या. त्याआधी पेरलेली भेंडी उगवली तरी बसून राहते.

दुसऱ्या टोकालाही मर्यादा आहे. लेट्यूसचं बी २७-३० अंशांच्या वर गेलं की झोपी जातं. उष्ण प्रदेशात 'बी खराब निघालं' म्हणून लोक पाकीट फेकून देतात. बी बहुधा चांगलंच असतं. ते संध्याकाळी, गार पाणी शिंपडून, सावलीत पेरा.

माती लवकर तापवायची असेल तर लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी वाफ्यावर काळं प्लास्टिक ताणून कडा मातीने दाबा. गादीवाफाही सपाट जमिनीआधी तापतो.

पायरी ६: रोपं घरात करायची की थेट पेरायचं

गाजर, मुळा, बीट, वाटाणा, घेवडा थेट जागेवर. मूळभाज्यांचं रोप हलवलं की मूळ वाकडं, फाटकं होतं. टोमॅटोची रोपं शेवटच्या फ्रॉस्टच्या सहा ते आठ आठवडे आधी, मिरची-वांगी आठ ते दहा आठवडे आधी. काकडी-भोपळा फक्त तीन-चार आठवडे आधी, कारण त्यांना मुळं दुखावलेली अजिबात खपत नाहीत. प्रत्येक बी स्वतंत्र कागदी पेल्यात. जिथे गोठत नाही तिथे वेलवर्गीय बी सरळ वाफ्यातच टोकावं.

बी किती खोल? बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. लेट्यूसला उगवताना उजेड हवा असतो, त्याच्यावर मातीची नुसती भुरभुर. गाजर दोन ते तीन आठवडे घेतं आणि तोवर वरचा थर एकदाही सुकलेला त्याला चालत नाही. त्या ओळीवर ओलं गोणपाट टाकून ठेवा आणि पाचव्या दिवसापासून रोज उचलून पाहा. पहिला हिरवा केस दिसला की त्याच दिवशी काढा.

घरातल्या रोपांचे दोनच मोठे आजार. एक, उजेड कमी पडून ती लांबुडकी होणं. खिडकीतलं ऊन अपुरं असेल तर साधा एलईडी दिवा रोपांच्या टोकापासून वीतभर वर, दिवसाला १४ ते १६ तास. दुसरा, रोपं कोलमडणं. मातीलगत खोड बारीक होतं, काळं पडतं आणि रोप आडवं होतं. बुरशीचा खेळ आहे. ट्रेमधली माती सतत चिंब असली आणि हवा खेळत नसली की होतं. ट्रेला खालून पाणी द्या, वरचा थर मध्ये सुकू द्या.

बाहेर लावायच्या आधी रोपं काटक करावी लागतात. ही पायरी लोक गाळतात आणि मग पानं पांढरी पडली म्हणून हळहळतात. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, वाऱ्यापासून आडोशाला. रोज एक-दोन तास वाढवत, सकाळच्या उन्हाकडे सरकवत, सात ते दहा दिवसांत पूर्ण दिवस आणि शेवटी एक-दोन रात्री बाहेर.

पायरी ७: लावणीचा दिवस

ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ निवडा. लावायच्या तासभर आधी रोपांना पाणी द्या. टोमॅटो खोल लावायचा, खालची पानं खुडून खोडाचा अर्धा भाग मातीत गेला तरी चालतो, कारण त्या खोडाला मुळं फुटतात. लांबुडकं झालेलं रोप तर आडव्या चरात झोपवून फक्त शेंडा वर ठेवला तरी जोमाने येतं. लेट्यूस आणि कोबीवर्गाला मात्र मधला कोंब मातीत बुजता कामा नये. आधाराची काठी आत्ताच रोवा, नंतर रोवली की मुळं तुटतात.

अंतराच्या बाबतीत मन घट्ट करा. टोमॅटो ५० ते ६० सेंटिमीटरवर, मिरची ४० वर, लेट्यूस २५ वर. एवढीशी रोपं आणि एवढी मोकळी जागा पाहून हात शिवशिवतात. त्या मोकळ्या जागेत मुळा पेरा, तो २५ ते ३० दिवसांत निघून जातो.

विरळणीही याच दृढपणे. गाजराच्या ओळीत दर पाच सेंटिमीटरला एकच ठेवायचं. जास्तीची रोपं उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं. कात्रीने मातीलगत कापा.

अचानक फ्रॉस्टचा अंदाज आलाच तर संध्याकाळी, माती अजून कोमट असताना, रोपांवर जुनी चादर घाला. चादर कडेने जमिनीपर्यंत टेकली पाहिजे, कारण आपल्याला मातीची ऊब आत कोंडायची आहे. दोन-तीन अंशांचा बचाव होतो. सकाळी ऊन आलं की काढायला विसरू नका.

पायरी ८: पाणी आणि आच्छादन

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. भाज्यांना आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर लागतं, म्हणजे आपल्या वाफ्याला ७५ लिटर, दहा लिटरच्या साडेसात बादल्या. पडलेला पाऊस त्यातून वजा. उष्ण, कोरड्या, वाऱ्याच्या ठिकाणी हे दुप्पटही होतं. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा खोलवर द्या. फक्त नवीन पेरलेल्या ओळी आणि पहिल्या आठवड्यातली रोपं याला अपवाद. शंका आली तर बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घाला. टोकाला ओल लागली तर आज पाणी नको. दुपारी भोपळ्याची पानं मलूल दिसली म्हणून धावू नका. संध्याकाळी ती आपोआप उभी राहिली तर सगळं ठीक आहे, सकाळीही मलूल असली तर मात्र तहान आहे.

कोरड्या भागात मटका सिंचन अजूनही अजोड. न भाजता ठेवलेलं नव्हे, भाजलेलं पण झिलई नसलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भरून झाकायचं. भोवतालची माती सुकली की ती मडक्याच्या अंगातून पाणी ओढते.

आच्छादन म्हणून वाळलेलं गवत, पेंढा किंवा पाचोळा पाच ते आठ सेंटिमीटर. उष्ण हवामानात लावणीच्याच दिवशी पसरा. थंड हवामानात थांबा, कारण आच्छादन मातीला ऊन लागू देत नाही. माती १८ अंशांच्या वर जाऊन टिकली की मग घाला. ते खोडाला चिकटवू नका, दोन बोटं जागा सोडा.

पहिले सहा आठवडे

तण लहान असतानाच, उन्हाच्या सकाळी, नुसत्या खुरप्याच्या धारेने खरवडा. मावा (पानामागे चिकटणारे बारीक मऊ किडे) दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानामागून उडवा, बहुतेकदा एवढ्यावर भागतं. भुरी (पानांवर पांढरी पूड दिसणारी बुरशी) येऊ लागली की दाटी कमी करा.

भोपळ्याला, काकडीला खूप फुलं येऊन एकही फळ धरत नाही, अशी तक्रार सगळ्यात जास्त येते. पहिली फुलं बहुधा सगळी नर असतात, आठ-दहा दिवस धीर धरा. मादी फूल ओळखायला सोपं, पाकळ्यांच्या मागे इवलंसं फळच असतं. मधमाश्या फिरकत नसतील तर सकाळी लवकर ताजं नर फूल खुडून, पाकळ्या सोलून, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा.

काढणी सुरू झाली की भेंडी, घेवडा, काकडी दर दोन दिवसांनी तोडा, घरात कोणाला नको असली तरी. आत बी पक्कं झालं की वेलाच्या लेखी हंगाम संपलेला असतो. माझ्या काकडीच्या वेलाने एकदा भर मोसमात फुलं देणं बंद केलं. पाणी तपासलं, माती उकरून पाहिली, पानं उलटीपालटी केली. चौथ्या दिवशी तण काढताना आच्छादनाखाली हात गेला तर तिथे हातभर लांब, पिवळी जर्द, जड झालेली एक काकडी लोळत होती. ती काढली आणि आठवड्याच्या आत वेलाला पुन्हा कळ्या आल्या.